वांग्यांच्या मुळाशी मीठ

॥ श्री ॥
देवास, २० डिसेंबर २०२३

चि. बापूस अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तू फोनवर खोटे बोलतोस आणि मला ते ऐकून घ्यावे लागते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कागदावर खोटे लिहायचा तुला लहानपणापासून कंटाळा, हे मला माहीत आहे.

परवा चंपाषष्ठी झाली. चातुर्मासभर वांगे न खाता मी तुझ्या वांग्यांची वाट पाहत होते. ड्रायव्हर मानाजीने नेहमीप्रमाणे धारची बस लावून पिशवी घरपोच आणून दिली. उघडून पाहते तर आत जांभळी, गुळगुळीत, तेल चोपडल्यासारखी वांगी. तुझ्या रुक्मिणीने सरदारपूरच्या माहेराहून जे बियाणे आणले, त्याची वांगी हिरवी असतात आणि देठाला असे काटे असतात की चिरताना शिव्या तोंडात येतात. तुला फोन केला तर तू म्हणालास की यंदा थंडीने रंग पालटला. बापू, मी शेतकी कॉलेजात चार वर्षे काढली आणि पुढे तीस वर्षे मुलींना जीवशास्त्र शिकवले. थंडीने वांगे जांभळे होते असे एकाही मुलीने पेपरात लिहिले नाही, आणि त्यातल्या काही फार धीट होत्या. शिवाय पिशवीच्या तळाशी दुकानाची वजनाची चिठ्ठी चिकटलेली होती.

खंडोबाला त्याच वांग्यांचे भरीत आणि रोडगे दाखवले. देव काही बोलला नाही. मी बोलणार आहे.

तुझ्या परसाला काय झाले आहे? होळीपासून तुझी मेथी आलेली नाही. कोथिंबीर विचारली तर म्हणालास, आत्ताच संपली. पालक गाईने खाल्ला म्हणालास. फाटक उघडून आत येणारी, फक्त पालक खाऊन फाटक लावून जाणारी गाय मला एकदा पाहायची आहे.

खरे काय ते लिही आणि सोबत माती पाठव. वाफ्याच्या चारही कोपऱ्यांतली आणि मधली, वीतभर खोलीची, मिसळून, सावलीत वाळवून. माझी जुनी विद्यार्थिनी लतिका इथे माती तपासण्याच्या कामावर आहे. तिच्याकडे देते.

लोभ आहे. वाढवायचा की कसे, ते तुझ्या उत्तरावर.

अक्का

॥ श्री ॥
धार, २८ डिसेंबर २०२३

ती. अक्कास बापूचा शि. सा. न. वि. वि.

पकडलो गेलो. त्या चिठ्ठीने घात केला, नाहीतर थंडीची गोष्ट मी छान रंगवली होती. मानाजी पण म्हणत होता की बापू भिया, अक्काबाईंना ही वांगी पटायची नाहीत. मी म्हटलं, तू बस चालव.

आता खरं सांगतो. परस गेलं, अक्का. आधी मेथी पिवळी पडली. मग कोथिंबिरीच्या पानांच्या कडा जळाल्या, जणू कुणी काडी लावली. मी पाणी वाढवलं, शेणखत घातलं, पण उलट वाईटच झालं. वांग्याची रोपं लावली ती वीतभर होऊन तशीच उभी राहिली, मुन्सिपालिटीच्या नळावरच्या रांगेसारखी. वाफ्यावर पाणी जिरत नाही, डबकं होऊन राहतं, आणि वाळलं की वर पांढरी साय धरते.

रुक्मिणीला जाऊन तीन वर्षं झाली. ती होती तोवर मी या परसात फक्त खुर्ची टाकून चहा प्यायलो. ती गेल्यावर फावडं हातात घेतलं, आणि दोन वर्षं बरं चाललं होतं. तुला वांगी पाठवायची असली की मी आठवडाभर आधी रोज मोजून बघायचो. म्हणून रिकामी पिशवी पाठवायचा जीव झाला नाही.

दुसरी गोष्ट. मयुरेश म्हणतो की बाबा, इथे आता काही होत नाही, तर पेवर ब्लॉक घालून गाडी लावू. त्याचंही चूक नाही. गल्लीत गाडीला दोनदा ओरखडे पडले. ठेकेदार येऊन चार कोपऱ्यांत लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेला आहे. मी अजून हो म्हटलं नाही. पण नाही तरी कशाच्या जोरावर म्हणू? काहीतरी उगवत असतं तर त्याकडे बोट दाखवून म्हणालो असतो.

माती मानाजीबरोबर पाठवत आहे. तू सांगितलीस तशीच काढली आहे.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा बापू

॥ श्री ॥
देवास, ९ जानेवारी २०२४

चि. बापूस अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचले. माती पोचली. मी सांगितली तशीच काढलीस आणि मग लवंग सेवेच्या रिकाम्या पुड्यात भरून पाठवलीस.

लतिकाने मला फोन करून आदबीने विचारले की मॅडम, आपल्या भावाकडे जमिनीत ओवा पेरतात का. तिला मातीत सेवेचे तुकडे सापडले. मातीत खार इतका निघाला की तिला आधी तिचे यंत्र बिघडल्यासारखे वाटले. मी तिला सांगितले की यंत्र ठीक आहे, भाऊ बिघडलेला आहे. माळव्यात माणूस सेवेशिवाय जेवत नाही हे मी समजू शकते, पण मातीलाही सोबत सेव लागते हे मला नवीन आहे.

तेव्हा पुन्हा पाठव. धुतलेल्या, कोऱ्या कापडी पिशवीत. नमकीनच्या, खताच्या किंवा लोणच्याच्या कुठल्याही वस्तूचा तिला स्पर्श झालेला नको. तुझ्या हाताचासुद्धा शक्यतो नको, कारण तो दिवसभर त्या पुड्यातच असतो.

तोवर इतके सांग. परसाला पाणी कुठून देतोस? बोअरचे की नळाचे? शेजाऱ्यांच्या झाडांनाही हेच झाले आहे का? घरात गेल्या वर्षभरात काही नवीन बसवले का? विचार करून लिही, झोपाळ्यावर बसून नव्हे.

आणि ठेकेदाराला थांबव. त्याला सांग की माझी बहीण देवासची आहे, सत्तरीची आहे आणि तिचा गुडघा दुखतो, त्यामुळे ती कोणत्याही क्षणी चिडते. रुक्मिणीच्या परसावर सिमेंट घालायचे असेल तर निदान ते कशाने मेले हे तरी मला कळू दे.

लोभ असावा, सेव नसावी.

अक्का

॥ श्री ॥
धार, २२ जानेवारी २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सुनेने, श्रियाने, नवी पिशवी शिवून दिली आहे. हात साबणाने धुतले, मग माती काढली. आता तरी लतिकाबाईंना ओवा सापडला तर तो त्यांच्या टिफिनचा समजावा.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. पाणी बोअरचं. ते जड आहे पण खारट नाही, आपण सगळे वर्षानुवर्षं तेच पीत आलो. शेजारच्या शिवाजीरावांचा लिंबू मस्त आहे, रोज मला दाखवून दाखवून लिंबं तोडतात. नवीन म्हणशील तर पाणी मऊ करायचं मशीन बसवलंय, गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या आधी. श्रिया भोपाळची. इथल्या जड पाण्याने तिचे केस गळायला लागले. आता केस छान आहेत, नळांवर पांढरे थर येत नाहीत, आणि डाळ कुकरच्या पहिल्या खेपेला शिजते. ते मऊ पाणी परसाला घालत नाही, महाग पडतं. परसाला थेट बोअरचं.

आणि वाया म्हणशील तर या घरात थेंब जात नाही. कपड्यांच्या मशीनचं पाणी मी कोथिंबिरीला सोडतो. ते पाणी मऊ करणारं मशीन दर रविवारी आपलं आपण मिठाच्या पाण्याने धुऊन निघतं. त्यात मिठाचं पोतं ओतावं लागतं, तीन महिन्यांना एक पन्नास किलोचं. मयुरेशने त्याची नळी गल्लीतल्या उघड्या नालीत सोडली होती. मी बघतो तर मिठाचं पाणी नाली भरून रस्त्यावर, आणि लोक त्यावरून चपला घालून चाललेत! आईने आपल्याला काय शिकवलं? सांडलेलं मीठ पायदळी जाऊ द्यायचं नाही, पाण्यात विरघळवून झाडाच्या मुळाशी घालायचं. मी त्याच दिवशी नळी फिरवून वांग्यांच्या वाफ्यात सोडली. मयुरेश म्हणाला, राहू द्या बाबा. मी ऐकलं नाही. आईचा तेवढा एक नियम तरी या घरात चालू आहे, हे ऐकून तुला बरं वाटेल.

ठेकेदार थांबला आहे. तुझा गुडघा त्याला सांगितला. पण मयुरेशने त्याला एप्रिलची तारीख दिली आहे.

लोभ असू दे.

तुझा बापू

॥ श्री ॥
देवास, १ फेब्रुवारी २०२४

चि. बापूस अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचल्यावर चष्मा पुसला.

कापडी पिशवीतल्या मातीत सेवेच्या पुड्यातल्या मातीहून जास्त खार निघाला. म्हणजे सेवेवर मी उगाच आळ घेतला. सेव निर्दोष आहे. तिची माफी तू माझ्या वतीने माग, तुझी तिच्याशी रोज भेट होते.

बापू, आईच्या हातून चिमूटभर मीठ सांडत असे. ते ती फुलपात्रात विरघळवून कण्हेरीच्या मुळाशी ओतत असे, आणि कण्हेरीला ते कळतही नसे. तू सव्वा वर्ष दर तीन महिन्यांना पन्नास किलोचे पोते रुक्मिणीच्या वांग्यांच्या मुळाशी ओतत आहेस. वर शेणखत घालून त्यांची समजूत काढतोस. लोणचे घालायचे तरी लोक कैरीला विचारतात!

आता नीट वाच. आपली काळी माती मिठाने चिकट होते, तिची भोके बुजतात, म्हणून पाणी जिरत नाही. मुळे ओल्या मातीत असूनही तहानलेली राहतात, म्हणून पानांच्या कडा जळतात. तू पाणी वाढवलेस, ते जड असले तरी त्याचा दोष नाही. शिवाजीरावांचा लिंबू त्याच पाण्यावर आहे.

करायचे ते असे. मशीनची नळी आजच्या आज वाफ्यातून काढ. ती बंद पाइपाने थेट जमिनीखालच्या गटारात जाऊ दे, मध्ये कुठेही उघडी नको. त्यावर कुणाचा पाय पडणार नाही, म्हणजे आईचा नियमही पाळला जाईल. तिकडे गेल्यावर आईने विचारलेच तर मी उत्तर देईन. मी मोठी आहे, आधी पोचेन. वरची पांढरी साय खरवडून काढ. वाफे खोल खण आणि कडेने चर काढ, पाणी निघून जायला वाट हवी. मग जिप्सम मिसळ, किती ते लतिकाने कागदावर लिहून दिले आहे, सोबत जोडते. जिप्समने मातीला धरून बसलेले मीठ सुटते आणि गोड पाण्याने खाली धुऊन जाते. ते गोड पाणी म्हणजे पाऊस. गच्चीचे सगळे पाणी पावसाळ्यात परसात उतरव. आषाढात हिरवळीच्या खताचा ढैंचा पेर, तो खाऱ्या जमिनीतही येतो. हातभर झाला की कापून तिथेच गाड. वांगी त्यानंतर.

तोवर काहीही लावू नकोस. तुला राहवणार नाही हे मला माहीत आहे. खुर्ची टाकून चहा पी, त्यात तुझा हात बसलेला आहे.

एप्रिलचे मी मयुरेशशी बोलेन.

लोभ आहे, यंदा थोडा जास्त लागणार आहे.

अक्का

धार, १८ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास मयुरेशचा प्रणाम.

आत्या, मी फोनवर बोललो असतो पण तुम्ही म्हणालात की जे म्हणायचं ते लिहून दे. मराठी लिहिताना माझा हात अटकतो, आठवीपर्यंत मराठी फक्त आजीच्या ओरडण्यात ऐकली आहे. गलती असेल तर माफ करा. श्रिया बाजूला बसून हसत आहे.

तुम्ही समजता की मी परसाच्या मागे लागलो आहे. तसं नाही. मी बाबांच्या मागे लागलो होतो. रोज सकाळी उठून ते त्या सुकलेल्या रोपांसमोर उभे राहतात आणि घरात येऊन सांगतात की आज जरा बरं दिसतंय. मला ते बघवत नव्हतं. मला वाटलं, फरशी घातली की विषय खतम.

आता ते दिवसभर खणतात. पाइप मी स्वतः जोडला, बंद, जमिनीखालून. ठेकेदाराला मी नाही सांगितलं नाही, फक्त पुढे ढकललं. मी म्हटलं, पुढच्या चंपाषष्ठीपर्यंत. आईच्या बियांची हिरवी वांगी आली तर खुंट्या मी माझ्या हाताने काढीन. नाही आली तर ब्लॉक, आणि मग तुम्ही दोघांनी बोलायचं नाही. हे फेअर आहे ना?

एक विचारायचं होतं. श्रियाला तिसरा महिना आहे. बाबांनी कोथिंबिरीला कपड्यांच्या साबणाचं पाणी दिलं, ती आम्ही खाल्ली. त्याने काही होणार तर नाही?

तुमचा मयुरेश

॥ श्री ॥
देवास, २६ फेब्रुवारी २०२४

चि. मयुरेशास अ. आ. वि. वि.

मराठी वाचता आली. तुझ्या बापाच्या मराठीपेक्षा खरी आहे, कारण त्यात गाय येत नाही.

श्रियाचे कळले, फार आनंद झाला. मीठ झाडाला मारते, ताटातून माणसाला मारत नाही. साबणाच्या पाण्याचे मात्र तू विचारलेस ते बरे केलेस. ते पालेभाजीला पुन्हा घालायचे नाही. दोन-चार जुड्या खाल्ल्या त्याची धास्ती नको, पण श्रियाच्या डॉक्टरांच्या कानावर घाल. मी लतिकाकडून मातीतले जड धातूही तपासून घेतले, त्यात काही आढळले नाही. इथे देवासला नाल्याच्या पाण्यावरचा पालक मी दारात घेत नाही, भाजीवाली मला पाहून टोपली फिरवते. तुमच्या परसात तो घोर नाही. तुमच्याकडे फक्त आमच्या आईचा एक आज्ञाधारक मुलगा होता.

तुझी अट मान्य आहे. फेअर आहे की नाही ते चंपाषष्ठीला सांगेन. तोवर जिप्समची पोती तू उचल, त्याला उचलू देऊ नकोस. त्याच्या पाठीचे तो मला सांगत नाही, म्हणजे ती दुखते.

आत्या

॥ श्री ॥
धार, ८ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

नात झाल्याचं फोनवर सांगितलंच. पाहायला आलेली प्रत्येक बाई नाक माझं म्हणते, आणि श्रियाचा चेहरा पडतो.

आता परस. जुलैत ढैंचा आला! कमरेइतका झाला, मला कापवेना, तुझा आवाज आठवला मग कापला. पाऊस जोरात होता. पहिल्या पावसात पाणी तुंबलं, तेव्हा मी आशा सोडली. चौथ्या-पाचव्या पावसाला ते चरातून वाहायला लागलं. मयुरेश छत्री घेऊन उभा होता, मला बोलवायला आला आणि स्वतःच वाकून बघत बसला.

रोपं तू पाठवलेल्या बियांची केली. माझ्याकडच्या एकालाही कोंब आला नाही. रुक्मिणीने तुला कधी बी दिलं होतं ते मला माहीतच नव्हतं. अर्धंच का पाठवलंस? विश्वास नाही ना? बरोबर आहे.

नळी होती तो कोपरा अजून टकला आहे. तिथे काही येत नाही. बाकी तीन वाफ्यांत रोपं उभी आहेत, नवीन पान काढताहेत, कडा हिरव्या आहेत. पण अजून फूल नाही. मयुरेशच्या खुंट्याही जागच्या जागी आहेत. रोज संध्याकाळी दोघं जाऊन बघतो आणि आत येऊन क्रिकेट लावतो.

एक परवानगी हवी. बाळाची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या वाटीत ठेवल्या आहेत. कुठे टाकू?

लोभ असावा.

तुझा बापू

॥ श्री ॥
देवास, ८ डिसेंबर २०२४

चि. बापूस अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या सप्टेंबरच्या प्रश्नाचे उत्तर फोनवर दिले होते, पण लेखी असावे. चिमूटभर मीठ असेल तर झाडाला चालते. पोते असेल तर मला विचार.

काल चंपाषष्ठी झाली. मी मानाजीची वाट पाहत होते, तर दारात मयुरेश. पिशवी हातात धरून उभा, आणि चेहरा असा की जणू निकाल लागायचा आहे. मी पिशवी आधी उघडली, त्याला पाणी नंतर विचारले. पिशवीच्या तळाशी वजनाची चिठ्ठीही शोधली. मिळाली नाही. पहिल्याच वांग्याचा काटा अंगठ्यात गेला.

तो सांगत होता की फुले नोव्हेंबरच्या तोंडावर आली, फळे लहान आहेत, एका झाडाने दिलेच नाही, आणि टकल्या कोपऱ्यात आता स्कूटर उभी राहते. गाडी गल्लीतच आहे. तिसरा ओरखडा पडला.

भरताची वांगी मी भाजली, सोलली त्याने. जेवताना विचारू लागला की आत्या, हे बी नेमके कोणत्या महिन्यात टाकायचे, आणि आई रोपे किती अंतरावर लावायची. मी सांगितले, त्याने मोबाइलवर लिहून घेतले. मग म्हणाला की बाबांना सांगू नका, ते लगेच शिकवायला बसतील. म्हणून तुला सांगत आहे. शिकवायला बसू नकोस.

जिप्सम पुढच्या पावसाआधी पुन्हा घाल. कोपऱ्यासाठी मी लतिकाला विचारते.

लोभ आहे, हे तुला आता वेगळे लिहायला नको.

अक्का

देण्याघेण्याची नोंद:

चि. मयुरेशच्या हातून मिळाले: हिरवी काटेरी वांगी सात, पैकी एक किडके, तेही भरतात घातले. कांद्याची पात, एक जुडी. लाल रंगाच्या खुंट्या चार, माझ्या टोमॅटोंना आधार म्हणून.

त्याच्या हाती दिले: भरीत एका डब्यात, डबा परत हवा. रोडगे. बाळाला दोन झबली. तुला लवंग सेव, अर्धा किलो. रुक्मिणीच्या बियांतले माझ्याजवळ राहिलेले अर्धे, पुडीवर नाव मयुरेशचे घातले आहे.